भाईजींना विचारा

जालना,
४ जानेवारी २०००

ती. उषाआत्यास,
नंदाचा शि. सा. नमस्कार.

आत्या, आपण दोघी एकाच कॉलेजात, आणि मी तुला पोस्टानं पत्र टाकतेय म्हणून तुला हसू येईल. पण तोंडानं सांगायला स्टाफरूममध्ये यावं, तर तुझ्या समोरच्याच खुर्चीवर ढवळे सर बसलेले असतात. आणि सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

भूगोलाच्या प्रात्यक्षिकाचे चाळीस मार्क सरांच्या हातात आहेत. वहीवर त्यांची सही नसली तर परीक्षेला बसता येत नाही. माझी वही त्यांनी पाच वेळा परत केली. दर वेळी तेच, नकाशा चुकला, घरी ये, हात धरून शिकवतो. मी दोनदा गेले. पहिल्या वेळी हात धरला तो सोडलाच नाही. दुसऱ्या वेळी दार आतून लावलं, आणि पुढचं मी अर्जात लिहिलं आहे, इथं पुन्हा लिहवत नाही. कडी काढून पळाले. वही तिथंच राहिली. अजून त्यांच्याकडेच आहे.

जिन्याखालच्या बोर्डावर तू मुलींच्या तक्रारी ऐकायच्या समितीची अध्यक्ष आहेस असं लिहिलंय. म्हणून रीतसर अर्ज सोबत जोडते. वर्गात मी एकटीच नाही, पण सही करायला बाकीच्या तयार नाहीत.

एकच अट, आत्या. आबांना सांगू नको. त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक राजूरला जाईल. टेंभुर्णीचं ते स्थळ तयारच बसलंय. परीक्षा मार्चअखेर आहे. मला बी.ए. पुरं करायचंय, तेवढं होऊ दे.

तुझी,
नंदा

*

जालना,
१२ जानेवारी २०००

ती. तातेरावदादास,
उषाचा सा. न.

तिळगुळाचा डबा एष्टीच्या कंडक्टरसोबत पोचला. वहिनींना सांग, लाडू दाताला जरा कठीण लागले, पण माझे दात स्टाफरूमच्या चहावर वाढलेत, निभावले.

दादा, तुझी बहीण एका समितीची अध्यक्ष आहे हे तुला माहीत नसेल. मीही विसरले होते. दीड वर्षापूर्वी विद्यापीठाचं पत्र आलं होतं, की सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे बायका-मुलींच्या छळाची तक्रार ऐकायला समिती नेमा, आठ दिवसांत कळवा. प्राचार्यांनी सातव्या दिवशी नेमली. अध्यक्ष बाई हवी. कॉलेजात बाया दोन, मी आणि ग्रंथपाल. ग्रंथपाल बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून मी कर्तबगार ठरले. बाहेरच्या संस्थेची एक बाई हवी, तर धापूबाई. या आपल्या संस्थेचे अध्यक्ष हुकमचंदभाईजी आहेत ना, त्यांच्या धाकट्या भावाच्या, जुगलकिशोर शेटच्या मंडळी. पापड-कुरडयांचं महिला मंडळ चालवतात, रजिस्टर्ड आहे, शिक्का आहे. आणि भाईजी स्वतः 'विशेष निमंत्रित'.

मी प्राचार्यांना विचारलं, धापूबाईच का? तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, भाईजी त्यांचे जेठ लागतात. जेठासमोर त्या तोंड उघडत नाहीत. बैठक दहा मिनिटांत आटपेल." एवढा विचार त्यांनी ग्रंथालयाच्या गळक्या छपराचा केला असता तर इतिहासाची कपाटं वाचली असती.

तर आता या समितीकडे एक अर्ज आलाय. भूगोलाचे साहेबराव ढवळे, वही तपासायच्या निमित्ताने मुलींना घरी बोलावतात. एका मुलीने धीर करून लिहिलंय, आणि खरं लिहिलंय. मुलीचं नाव मी कुणाला सांगणार नाही, तुलाही नाही. तिला परीक्षा द्यायची आहे, एवढीच तिची इच्छा. दादा, तू लोकांत बसणारा माणूस. तुला काय वाटतं, सांग.

उषा

*

राजूर,
२० जानेवारी २०००

चि. उषा हिस,
अनेक आशीर्वाद.

चतुर्थी जवळ आली. नारळाची पोती उतरवून घेऊन राह्यलो, म्हणून पत्राला उशीर. गणपतीच्या कृपेने दुकान बराबर हाय. तुझं पत्र गिऱ्हाईक नसताना काढलं आन् रामराव गुरुजी बसले व्हते त्यांना वाचून दाखवलं. गुरुजी इतके हसले की कवळी हातात घ्यावी लागली. दहा मिनटांची समिती! तू आशीच लिहीत जा.

तू विचारलं म्हणून सांगतो. तू त्या भानगडीत जास्ती पडू नको. त्या मास्तरला चार माणसात खडसाव, माफी लिहून घे, मिटव. आन् त्या पोरीच्या बापाला कळव पहिलं. माही पोरगी असती तर दुसऱ्या दिवशी एष्टीत बसवून आणली असती. बी.ए. फीए. काय करायचं, अब्रू ऱ्हायली तर बाकीचं. तो बाप बी येडाच दिसतो, पोरगी घरी जाऊन राह्यली मास्तरच्या आन् ह्याला पत्ता न्हाई!

आपली नंदा काय म्हणती? संक्रांतीला आली न्हाई, अभ्यास हाय म्हणे. ती बिलकुल तसली न्हाई, खाली मान घालून जाती-येती, म्हणून मला घोर न्हाई. तुह्या नजरेखाली हाय ना. टेंभुर्णीचे पाहुणे घाई करून राह्यले. खताचं दुकान हाय, पोरगा निर्व्यसनी. परीक्षेच्या आधी एकदा पाहून घेऊ म्हणतेत.

तातेराव

*

जालना,
३० जानेवारी २०००

ती. तातेरावदादास,
सा. न.

काल बैठक झाली. रामराव गुरुजींना कवळी आधीच काढून ठेवायला सांग.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही पाच. प्राचार्य, भाईजी, ढवळे, मी, आणि माझ्या बाजूच्या खुर्चीवर हनुवटीपर्यंत पदर ओढून धापूबाई. दीड वर्षात पहिल्यांदा दिसल्या, म्हणजे दिसल्या असं म्हणायचं. भाईजी आत येताना खाकरले, तशी त्यांनी पदर आणखी चार बोटं खाली घेतला. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, बघा.

मी अर्ज वाचला. नाव वगळून वाचला, पण ढवळे कान टवकारून ऐकत होते, त्यांना कळलंच असणार. मग प्राचार्य म्हणाले, "ढवळे सरांचं म्हणणं असं की वही घरी बोलावून तपासतात ती विद्यार्थ्यांवरच्या मायेपोटी. सर्वांना मान्य? मग तसं लिहून..."

पदराच्या आतून आवाज आला. माझ्याकडेच तोंड करून, पण भिंतीपलीकडच्या कारकुनालाही ऐकू जाईल असा.

"बाई, भाईजींना विचारा, यांची माया पोरींवरच आहे का? पोरांच्या वह्या कुठं तपासतात?"

दादा, प्राचार्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

भाईजी आणि त्या एकमेकांशी बोलत नाहीत. ही त्यांच्या घरची रीत. म्हणून धापूबाई गप्प बसतील एवढंच प्राचार्यांनी पाहिलं. पण रीत दोन्ही बाजूंनी असते. जेठसुद्धा धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. घरात असते तर भाऊ मध्ये असता, त्याच्याकडून गप्प करवलं असतं. भाऊ बियाणांच्या सौद्याला इंदूरला. मध्ये होते मी, वही-पेन घेऊन.

"मॅडम," भाईजी माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, अशा बातीत बायकांनी जास्त खोलात जाऊ नये."

"लिहायचं का भाईजी? कार्यवृत्तात?"

"नको, नको!"

"बाई, लिहा," पदर म्हणाला. "घरात भाईजींची एक बात आम्ही खाली पडू देत नाही."

लिहिलं. काय करणार, अध्यक्ष आहे.

मुलांच्या वह्या कॉलेजात तपासतात, असं ढवळ्यांना सांगावं लागलं. एकतीस मुलं, एकालाही घरचा नकाशा नाही.

"बाई, विचारा, पोरीला बोलावलं तेव्हा यांच्या बाईसाहेब घरी होत्या?"

"सौभाग्यवती अंबडला गेल्या होत्या. माहेरी," ढवळे म्हणाले.

"पाच वेळा बोलावलं. पाचही वेळा?"

ढवळ्यांनी रुमाल काढला.

"म्हणजे बाईसाहेब माहेरी गेल्या की पोरींचे नकाशे चुकतात. बाई, हे बराबर लिहा. मला लिहिता येतं थोडं, पण तुमचं अक्षर चांगलं."

भाईजी उठले. तोंड लाल. कुणावर ओरडावं ते सुचेना, ज्यांच्यावर ओरडायचं त्यांच्याकडे बघायचीही सोय नाही. शेवटी प्राचार्यांवर ओरडले. बैठक तहकूब. पुढची २१ फेब्रुवारीला, त्या दिवशी मुलीनं स्वतः येऊन सांगायचं आहे.

दादा, तू लिहिलंस, बापाला कळव. बापाला कळलं की तो मुलीला घरी नेतो, आणि मास्तर कॉलेजातच राहतो. एवढंच मला अडवतं. विचार कर.

उषा

*

राजूर,
६ फेब्रुवारी २०००

चि. उषा हिस,
अ. आ.

काय ती धापूबाई! उषा, तुझं पत्र मी आतापर्यंत सहा येळा वाचलं. गुरुजींना वाचलं, मंग शिवाजी पानवाला आला त्याला वाचलं, मंग मंदिराच्या बडव्यांनी बोलावून घेतलं. आता दुपारी चार जण येऊन बसतेत आन् म्हणतेत, तातेराव, ते 'बाईसाहेब माहेरी' पुन्हा वाचा. चहा मलाच पाजावा लागतो.

माहं मत बदललं. खोटं कशाला बोलू. त्या पोरीला माहा निरोप सांग, राजूरचा एक नारळवाला म्हणतो, भिऊ नको, एकवीस तारखेला ताठ उभी ऱ्हाय आन् सांग समदं. आमच्या दुकानातले समदे तिच्या बाजूनं हायेत. अशी पोरगी लाखात एक. बापाला बी कळंल हळूहळू.

टेंभुर्णीचे पाहुणे २० तारखेला येतो म्हणतेत. मी १८ला नंदाला न्यायला येतो. तिला चार दिवस सुट्टी मागून ठेव.

तातेराव

*

जालना,
१४ फेब्रुवारी २०००

दादा,

हे पत्र दुकानात वाचू नको. मागच्या खोलीत जा, नारळाच्या पोत्यांवर बस, आणि एकट्याने वाच.

ती मुलगी आपली नंदा आहे.

तुला सांगू नको अशी तिची अट होती, आणि मी ती पाळली. पाळताना मला थोडी मौजही वाटली, हा माझा गुन्हा. तुला गोष्ट सांगून तुझं मन वळवावं, मग नाव सांगावं, असा माझा हुशार बेत होता. तू ती सहा वेळा वाचशील हे बेतात नव्हतं.

मी चुकले असेन तर मला शिव्या दे. नंदाला देऊ नको. तिनं वही टाकली आणि पळाली, आणि मग बसून तारखावार लिहून काढलं. आपल्या दोघांपेक्षा तिचं डोकं जागेवर आहे.

इंदूरहून जुगलकिशोर शेट आलेत. धापूबाईंचा राजीनामा टाईप होऊन घरी गेला, फक्त सहीसाठी. चार दिवस त्यांना चष्मा सापडत नाही. मी भेटायला गेले होते. विचारलं, तुम्ही एवढं का ओढवून घेता? पापड लाटता लाटता म्हणाल्या, "मला सातवीत घरी बसवलं, बाई. मास्तरमुळं. मास्तर पुढं रिटायर झाला, सत्कार झाला. हार आमच्याच घरून गेला." आणि पुढचा पापड घेतला.

सोमवारी, २१ला, नंदा हजर नसली तर प्राचार्य एक ओळ लिहिणार, 'तक्रारदार अनुपस्थित, प्रकरण निकाली.' ओळ त्यांनी तयारच ठेवली आहे, मी पाहिली. मग वही ढवळ्यांकडे, सही ढवळ्यांची, आणि नंदाची परीक्षा संपली.

बाकी तू बाप आहेस.

उषा

*

राजूर,
१७ फेब्रुवारी २०००

आत्या,

तुझं पत्र आज आलं, पण त्याआधीच सगळं झालं. रविवारी आबा दुकानात तुझं ते बैठकीचं पत्र वाचत होते. शिवाजी पानवाल्याचा भाऊ आपल्याच कॉलेजात आहे ना, तो आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "तातेरावकाका, ती पोरगी तुमचीच की." आबांनी कागदाची घडी केली, दुकानाची फळी लावली आणि सोमवारी पहिल्या एष्टीनं होस्टेलवर आले. तू तासावर होतीस. मला भेटूही दिलं नाही.

आबा रागावले नाहीत. त्यानंच जास्त भीती वाटते. ट्रंक त्यांनी स्वतःच्या खाटेखाली सरकवलीय. तुझं पत्र वाचून खिशात घातलं. आई रविवारच्या पाहुण्यांसाठी घर सारवतेय आणि सारवताना रडतेय.

सोमवारची पहिली एष्टी सहाला निघते. मी पाच वाजता आवरून बसणार आहे. नेलं तर नेलं.

नंदा

*

राजूर,
२४ फेब्रुवारी २०००

चि. उषा हिस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी कॉलेजात तुझ्याशी धड बोललो न्हाई. बोललो असतो तर रडलो असतो, आन् तुह्या प्राचार्यासमोर मला रडायचं नव्हतं.

तू म्हणशील याचं मन कसं पालटलं. माहं न्हाई पालटलं, तुह्या वहिनीनं, द्वारकानं पालटवलं. मला म्हणली, "पंधरा दिवस दुकानात बसून त्या पोरीला शाबास शाबास करून राह्यले व्हते. आपली निघाली तं शाबासकी कुठं गेली?" इतवारी पाहुण्यांना चहा पाजला आन् तोंडावर सांगितलं, पोरीची उद्या जालन्यात साक्ष हाय, मास्तरच्या इरुद्ध. उप्पीट अर्धं ठेवून उठले. बुधवारी माणूस पाठवून नकार कळवला. गावभर बोंब मीच केली व्हती, त्यांना काय दोष देऊ. नंदाच्या नावाची चर्चा आता चार गावात हाय, आन् ती मह्या दुकानातून गेली. हे मला जल्मभर पुरंल.

बैठकीच्या दिवशी तुम्ही आत व्हते, मी वऱ्हांड्यात बाकावर. तुम्ही मास्तरला बाहेर बसवलं, नंदा सांगंपर्यंत. तो येऊन माह्याच बाजूला बसला. मला ओळखत न्हाई. चांगला माणूस वाटतो उषा, इस्तरीचे कपडे. मला म्हणला, "पाहुणे, कोणत्या गावचे? ॲडमिशनचं काम का?" म्हटलं, राजूरचा. म्हणला, "वा, गणपतीचं गाव." मंग सुपारी दिली. म्हणला, "काय सांगू, शिकवणं अवघड झालंय. पोरी नको ते अर्ज करतेत. बाप लोकांचं लक्ष न्हाई, बापानं येळेवर घरी न्हेलं असतं तं माह्यावर ही पाळी आली नसती."

सुपारी तोंडात व्हती. आतून नंदाचा आवाज येत व्हता. भूगोलाचा धडा वाचावा तसा, तारीख, वार, किती वाजले, दार कोणतं. एकदा अडखळली. मंग धापूबाईचा आवाज आला, "पोरी, पाणी पी. आम्हाला जल्दी न्हाई."

मी सुपारी थुकली आन् त्याला म्हणलं, "न्हेलं व्हतं सर. गेल्या सोमवारी न्हेलं, आज परत आणलं. मीच तो बाप." त्यानं काय करावं? उठून नमस्कार केला! मह्या पाया पडायला वाकला. हात उचलावा वाटला, खरं सांगतो. उचलला असता तर तुमच्या प्राचार्याला पाहिजे ती ओळ मिळाली असती, एवढं मला बी कळतं. मी नुसता म्हणलो, "पोरीची वही कुठंय?"

मंग तूच आतून शिपायाला पाठवलं त्याच्या घरी. धापूबाई म्हणल्या म्हणे, वही आली की आम्ही उठू. दोन घंटे कोणी जागचं हाललं न्हाई. भाईजी तीनदा पाणी पिले. वही आली, तव्हा कुठं तुम्ही निकाल लिहिला. आता तो मास्तर रजेवर, परीक्षेला बाहेरचा माणूस, पुढची चौकशी संस्थेची. संस्था काय करंल ते मला दिसतं, पण तूर्त एवढं बास.

ट्रंक होस्टेलला ठेवून आलो. नंदानं वही उघडून मला नकाशे दाखवले. मला त्यातलं काय कळतंय! पण चुकलेलं काय दिसलं न्हाई.

तातेराव

*

जालना,
८ मार्च २०००

ती. तातेरावदादास,
सा. न.

आज महिला दिन. सकाळी सभागृहात कार्यक्रम झाला. प्राचार्यांनी समितीला 'आपल्या दूरदृष्टीचं फळ' म्हटलं आणि भाईजींनी टाळ्या वाजवल्या. धापूबाईंना साडी-चोळी द्यायची होती, तर देणार कोण, हा प्रश्न आला. भाईजी देऊ शकत नाहीत. शेवटी मीच दिली. पदराआडून मला विचारलं, "पुढची बैठक कधी?"

पुढची बैठक आहे, दादा. तीन अर्ज आलेत. दोन नंदाच्या वर्गातले, ढवळ्यांविरुद्धचेच. ढवळे, असं ऐकते, संस्थेच्या परतूरकडच्या मुलींच्या शाळेवर जायच्या खटपटीत आहेत. मुलींच्या! मी लेखी हरकत घेतली आहे, पोच घेऊन. झोप नीट लागत नाही. रस्त्यात कुणी 'मॅडम' म्हटलं तरी दचकायला होतं. स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर हल्ली कुणी चहा ठेवत नाही, स्वतः उठून आणावा लागतो. प्रकृतीला चांगलं आहे म्हणतात.

तिसरा अर्ज जुना आहे, म्हणजे प्रसंग जुना. १९९१चा. झुंबर नावाची मुलगी. तुमच्या दुकानातून गेलेली चर्चा टेंभुर्णीपर्यंत पोचली, आणि तिथं दिलेल्या या मुलीच्या कानावर पडली. चौकोनी अक्षरातल्या चार ओळी आहेत. ढवळ्यांच्या घरून पळाली, बापानं दुसऱ्या वर्षातून काढली, लग्न करून दिलं, दोन मुलं आहेत. शिक्षा द्या असं कुठंही नाही. विचारलंय एवढंच, की माझं राहिलेलं बी.ए. आता देता येईल का.

प्राचार्य म्हणाले, हे समितीच्या कक्षेत बसत नाही. असेल. पण दादा, ही झुंबर माझ्या मराठीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. एक दिवस यायची थांबली. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढं लाल रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. ढवळ्यांसमोरच्या खुर्चीवर मी अकरा वर्षं बसले. कुजबुज कानावर यायची, मी पेपर तपासायची. आठवडाभर तो जुना हजेरीपट शोधतेय, का शोधतेय ते मलाही सांगता येत नाही.

विद्यापीठात चौकशी केली. बाहेरून परीक्षा देता येते. भूगोल सोडून दुसरा विषय घ्यावा लागेल, प्रात्यक्षिक नसलेला. फॉर्म भरायची मुदत या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आहे. फॉर्मवर नवऱ्याची सही लागत नाही, मी खात्री केली. पण नवऱ्याची हरकत असली तर ती टेंभुर्णीहून जालन्याला परीक्षेला येणार कशी?

तू जा. तिचा नवरा तुझ्याकडून नारळ नेतो असं तिनंच लिहिलंय, पत्ता शोधायला नको. मी गेले तर कॉलेजची बाई आली म्हणतील आणि दार लावतील. तू बस, चहा घे, आणि तू तुझ्या पोरीचं काय केलंस ते सगळं सांग, ट्रंक खाटेखाली सरकवली होतीस तेही. गोष्ट सांगायला तुला शिकवावं लागत नाही.

फॉर्म सोबत जोडला आहे. घडी घालू नको, मशीनमध्ये जातो.

उषा